गुप्त कृत्य आणि गुप्त अधिकार

राज्य म्हटलें कीं हेर आलेच. कौटिल्यानें गूढपुरुषांच्या नेमणुकीचा विचार राज्यकारभाराच्या आरंभींच केला आहे. आणि तीन हेरांचें म्हणणें जुळेल तेव्हांच तें खरें मानावें, असा दंडकही घालून दिला आहे. हेरावर विसंबावें, पण त्याच्यावर नजरही ठेवावी, हा त्यांतला इत्यर्थ. कौटिल्याच्या राज्यांत ही नजर राजाची होती. जेथें प्रजाच स्वामी आहे, तेथें ती कोणाची असावी?

गुप्त कामास कायदा लावणें म्हणजे तें उघडें पाडणें होय, असा आक्षेप नेहमीं घेण्यांत येतो. आमच्या मतें यांत दोन भिन्न गोष्टींची गल्लत आहे. कृत्य गुप्त असणें निराळें आणि अधिकार गुप्त असणें निराळें. पाळत कोणावर आहे हें जगजाहीर करा, असें कोणीच म्हणत नाहीं. ती कोणाच्या आज्ञेनें ठेवावी, कोठवर ठेवावी, आणि मर्यादा ओलांडल्यास जाब कोणीं घ्यावा, एवढें मात्र लोकांस ठाऊक असलेंच पाहिजे.

अमेरिकेचा अनुभव या बाबतींत बोधप्रद आहे. तेथें सीआयए ही संस्था १९४७ सालीं कायद्यानेंच स्थापन झाली, व तिला पोलिसी अधिकार नाहींत असें त्यांत स्पष्ट लिहिलें होतें. तथापि तिनें स्वदेशीय नागरिकांवरच पाळत ठेविल्याचें १९७४ सालीं वृत्तपत्रांनीं उघडकीस आणलें. १९७५ मध्यें सेनेटर चर्च यांच्या समितीनें चौकशी केली, तेव्हां परदेशीय पुढाऱ्यांच्या हत्येचे कटही बाहेर पडले. कायदा होता, पण तो पाळला जातो कीं नाहीं हें नेटानें पाहणारें कोणी नव्हतें. म्हणून १९७६ सालीं सेनेटनें व १९७७ सालीं प्रतिनिधिगृहानें कायम देखरेखीसाठीं समित्या नेमल्या. ब्रिटनमध्यें १९०९ पासून कायद्याविना चाललेल्या खात्यांना १९८९ व १९९४ सालीं कायद्याचा आधार मिळाला. त्यामुळें तीं खातीं कांहीं बंद पडलीं नाहींत!

आपल्याकडे गुप्तवार्ता विभागाचा इतिहास १८८७ पर्यंत मागें जातो. रॉ ही संस्था १९६८ ची. दोहोंचे अधिकार व मर्यादा सांगणारा संसदेचा कायदा नाहीं. २०११ सालीं तसें एक खाजगी विधेयक लोकसभेंत आलें, पण तें संमत झालें नाहीं. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यांत या संस्थांचीं नांवें आढळतात खरीं; पण तीं सूट देण्यासाठीं.

या स्थितींत नागरिकाची हानि उघडच आहे. परंतु खात्यांतील प्रामाणिक अधिकाऱ्याची हानि आम्हांस तितकीच गंभीर वाटते. वरून अयोग्य आज्ञा आली असतां ती पाळावी, तर पुढें त्याच्या पाठीशीं कायदा नाहीं. नाकारावी, तर बोट ठेवावयास कलम नाहीं. समिती सर्व अन्याय टाळील, असा भरंवसा कोणीच देणार नाहीं. पण ज्याला राष्ट्र आपल्या नांवानें अंधारांत धाडतें, त्याला आपली सीमा कोठें संपते एवढें तरी सांगून धाडणें, हें राष्ट्राचें कर्तव्य नव्हे काय?