आजारी टॉर्चसाठी

चि. बाळ,

तुझे फोटो काल रात्री मिळाले, आणि आठवडाभरात तू काय काय केलंस त्याची यादीही. निम्मं पाणी बदललंस, दिव्याचा जोर वाढवलास, टॉर्च कोरलची जागा तीनदा हलवलीस, शिवाय दुकानदाराने दिलेल्या तीन बाटल्यांतलं थोडं थोडं रोज टाकीत घातलंस. डोळ्यांसमोर जीव आक्रसत असला की हात स्वस्थ बसत नाहीत, हे मला कळतं. पण आता हात आवर. आज टाकीत काहीही ओतू नकोस. पंप आणि हीटर चालू राहू देत, दिवा मात्र पूर्वीच्या जोरावर आण.

आधी नीट बघ. निळा दिवा बंद कर, पांढऱ्या उजेडात भिंग घेऊन एकेक हेड बाजूने तपास. निळ्या उजेडात आजारी कोरलही झगमगतं, म्हणून तुझ्या फोटोंवरून मला पुरतं सांगता येत नाही. टॉर्चचा प्रत्येक हेड चुन्याच्या देठाच्या टोकाला बसलेला असतो. निरोगी असताना त्याचं मांस देठाच्या काठावरून खाली थोडं उतरलेलं दिसतं, जणू काठाला घट्ट धरून बसलंय. ते वर सरकायला लागलं की खालचा पांढरा चुना उघडा पडतो, आणि पुढे काठावरच्या उभ्या, पातळ, धारदार पात्या दिसू लागतात. तुझ्या दोन हेडच्या कडेला मला त्या पात्या दिसल्यासारख्या वाटतात. बाकीचे हेड फुगलेले आहेत, ही त्यातली मोठी चांगली गोष्ट.

पांढरं दिसतंय म्हणून घाबरण्याआधी मांस आहे की नाही ते पाहा. कोरलच्या मांसात एकपेशीय शैवाल राहतं. उजेडावर ते अन्न बनवतं आणि कोरलचं पोट बऱ्याच अंशी त्यावरच भरतं. पाणी तापलं किंवा उजेड एकदम वाढला की हे शैवाल निघून जातं, मांस पारदर्शक होतं आणि आतला सांगाडा दिसतो. असा हेड फिका असतो, पण जिवंत असतो. जवळ गेलेला खाऊचा कण तो अजून धरतो. त्याला कमी उजेड, स्थिर पाणी आणि आठवड्यातून एक-दोनदा बर्फातून सोडवलेल्या मायसिसचा (कोळंबीसारख्या खाऊचा) बारीक तुकडा दिला, तर रंग परत येऊ शकतो. त्याला महिनेही लागतात. तापातून उठलेल्या माणसाला आपण भर उन्हात उभं करत नाही. दिवा वाढवून तू नेमकं तेच करत होतास. मांसच गेलं असेल, तर त्या जागी ते पुन्हा भरून येईल अशी आशा मात्र फार धरू नकोस.

एक प्रकार असा आहे की तिथे थांबायचं नाही. एखाद्या हेडवर तपकिरी, बुळबुळीत जेली लोंबताना दिसली, प्रवाहाबरोबर तिचे तुकडे हलत असतील आणि कोरल पाण्याबाहेर काढताच कुजका वास आला, तर तो ब्राउन जेली रोग. त्या जेलीत मेलेलं मांस असतं आणि त्यावर जगणाऱ्या सूक्ष्म जीवांची गर्दी असते. ती शेजारच्या हेडला लागली, तर एक-दोन दिवसांत आख्खं कोरल जाऊ शकतं. अशा वेळी आधी सगळे पंप बंद कर, नाहीतर उचलताना जेली टाकीभर उधळेल. मग टाकीतल्याच पाण्याच्या भांड्यात कोरल अलगद काढ, पिचकारीने जेली शोषून घे, आणि आजारी हेड निरोगी हेडपासून तोडून वेगळे कर. तुझं कोरल फांद्यांचं आहे, हे नशीब. मांसाच्या कडेपासून चांगलं खाली, कोऱ्या देठावर काप. वर कापलंस तर चुन्याची चीर थेट जिवंत हेडपर्यंत जाते. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच. उरलेले हेड आयोडीनच्या डिपमध्ये, बाटलीवर लिहिलेलं प्रमाण आणि वेळ तंतोतंत पाळून बुडव, स्वच्छ खाऱ्या पाण्यात हलवून धू आणि मग टाकीत ठेव. डिपचं पाणी टाकीत परत जाऊ देऊ नकोस. भांडी, पिचकारी सगळं ब्लीचने धू.

जेली नसेल, आणि तुझ्या वर्णनावरून ती नसावी असं वाटतं, तर रोग पाण्यात शोध. आधी खारटपणा. तुझा रिफ्रॅक्टोमीटर तू साध्या पाण्यावर शून्याला लावतोस; तो ३५ पीपीटीच्या द्रावणावर तपासून घे, कारण शून्याला बरोबर असलेला मीटर ३५ ला चुकीचा असू शकतो. मग तापमान, २५ ते २६ अंश, आणि हीटरवरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता वेगळ्या थर्मामीटरने. त्यानंतर अल्कलिनिटी. कोरल सांगाडा बांधतं तो पाण्यातल्या कॅल्शियम आणि कार्बोनेटमधून, आणि टॉर्चसारख्यांना अल्कलिनिटीतली उडी फार बाधते. ८ डीकेएच असो वा ९, मला फारसा फरक पडत नाही. सोमवारी ७ आणि बुधवारी १० झाली, तर मात्र पडतो. ती कमी आढळली तरी दिवसाला अर्ध्या डीकेएचहून जास्त चढवू नकोस. तुझ्या तीन बाटल्यांपैकी दोन अल्कलिनिटीच वाढवतात, हे लेबल वाचलंस तर लक्षात येईल. नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर आणायच्या मागेही लागू नकोस. कोरलला दोन्ही थोडी लागतात.

पाणी बदलायचंच असेल तर ४० गॅलनच्या टाकीत एका वेळी ४ गॅलन पुष्कळ. मीठ आरओच्या पाण्यात आदल्या रात्री विरघळव, बादलीत पंप आणि हीटर सोडून ठेव, दुसऱ्या दिवशी खारटपणा आणि तापमान टाकीशी जुळवून मगच घाल. आणि कोरलला आता एकच जागा दे: मध्यम उजेड, संथ डुलवणारा प्रवाह. पंपाची सरळ धार अंगावर येत असेल तर मांस काठावरच्या पात्यांवर घासून फाटतं. तुझे क्लाऊनफिश त्या कोरलमध्ये दिवसभर लोळत असतील तर तेही बघ. आजारी हेडला ती सलगी झेपत नाही.

अँटिबायोटिकबद्दल तू विचारलंस. तुझ्या फ्लोरिडातलंच उदाहरण घे. २०१४ मध्ये मायामीजवळ कठीण कोरलचं मांस झडवणारा रोग दिसला आणि तो फ्लोरिडाच्या साऱ्या प्रवाळरांगेवर पसरला. वीसहून अधिक जाती त्याला बळी पडतात, आणि त्याचा जंतू अजून निश्चित सापडलेला नाही. तिथे पाणबुडे खाली जाऊन अमॉक्सिसिलीनची पेस्ट व्रणाच्या काठावर हाताने लावतात. तो व्रण बहुधा थांबतो, पण त्याच कोरलवर दुसरीकडे नवा उठू शकतो, म्हणून पुन्हा पुन्हा जावं लागतं. औषध व्रणावर लावायचं असतं, ते असं. तुझ्या टाकीत ओतलंस तर दगडांत राहून अमोनिया पचवणारे जीवाणूही मरू शकतील, आणि मग सगळ्यांनाच धोका. माशांचं तांब्याचं औषध तर कोरलच्या टाकीत कधीच नाही.

वेळ मिळाला की टॅम्पाचं फ्लोरिडा ॲक्वेरियम बघून ये. तिथल्या लोकांनी २०१९ मध्ये अटलांटिकमधल्या खांबासारख्या वाढणाऱ्या पिलर कोरलचं प्रजनन प्रयोगशाळेत करून दाखवलं, तेही समुद्रात ती जात संपत आली असताना. इतक्या कष्टाने जे वाचवलं जातंय त्याचा एक नातलग तुझ्या बैठकीच्या खोलीत आहे. म्हणूनच टाकीतलं पाणी, दगड, मासा, काहीही खाडीत सोडू नकोस. पॅसिफिकमधला लायनफिश १९८५ पासून फ्लोरिडाच्या पाण्यात दिसतोय; तो पाळणाऱ्यांच्या टाक्यांतून सुटलेला असावा, असं मानतात.

तुझ्या टाकीतल्या दगडांवर चिकटलेले ते बटणासारखे झोअँथिड खरवडायचा तुझा विचार दिसतो. पाण्याबाहेर ब्रशने घासू नकोस, आणि तो दगड उकळायचा तर अजिबात नाही. त्यांच्यातल्या काहींत असलेलं पॅलिटॉक्सिन हे विष श्वासावाटे छातीत जाऊन अलास्कात घरंच्या घरं आजारी पडली आहेत. नको असतील तर तो दगडच काढून टाक.

तुझे बाबा म्हणत होते की पुण्यातही अशीच टाकी लावू. त्यांना सांग, २००१ पासून भारतात सगळी कठीण कोरलं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती विकत घेणं आणि घरी ठेवणं गुन्हा आहे. बघायची असतील तर मालवणला जावं, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. पाण्यात उतरल्यावर मात्र कोरलवर पाय ठेवायचा नाही.

ते दोन हेड कदाचित वाचणार नाहीत. जेली नसेल तर त्यांना तोडायची घाई करू नकोस, मांस सरकायचं थांबतं का ते पाहा. रोज संध्याकाळी एकाच वेळी खारटपणा, तापमान आणि अल्कलिनिटी मोजून लिहून ठेव, आणि पांढऱ्या उजेडात त्याच बाजूने एक फोटो काढ. रविवारी मी फोन करतो, तेव्हा वही जवळ असू दे.



तुझा,
मामा