वरच्या मजल्यावरची माणसं

१२ सप्टेंबर २०२२ च्या रात्री सिकंदराबादच्या एका हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांचा बॅटऱ्यांशी काडीचाही संबंध नव्हता. त्याच इमारतीत खाली ई-स्कूटरचं शोरूम होतं. तिथे आग लागली, धूर जिन्यातून वर चढला आणि हॉटेलातली आठ माणसं गेली. काहींनी जीव वाचवायला खिडक्यांतून उड्या टाकल्या.

लिथियम बॅटरीची काळजी म्हटली की आपल्याला आपला फोन आणि आपली गाडी आठवते. वर झोपलेला माणूस आठवत नाही. माझ्या मते मूळ प्रश्न त्याचाच आहे.

या बॅटरीच्या आत दोन थरांमध्ये केसाहूनही पातळ असा प्लास्टिकचा पडदा असतो. बॅटरी आपटली, चेपली किंवा भलत्याच चार्जरवर तापली, की हा पडदा फाटतो नाहीतर वितळतो आणि आतल्या आत शॉर्ट होतं. एक सेल तापला की शेजारचा पेटतो. आतलं द्रावणही ज्वालाग्राहीच. त्यामुळे ज्वाळा विझल्या म्हणजे आग संपली असं नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही ती पुन्हा भडकते. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, तो धूर छातीत जाणं फार वाईट.

आता आपल्या सोसायट्यांकडे पाहू. कुणी ई-स्कूटरसाठी पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट मागतो. मीटिंगमध्ये आगीची भीती पुढे करून अर्ज फेटाळला जातो. मग तो माणूस बॅटरी काढून लिफ्टने वर नेतो आणि दाराजवळ, चपलांच्या रॅकशेजारी, एक्स्टेन्शन बोर्डावर रात्रभर लावून ठेवतो. धोका पार्किंगमधून चौथ्या मजल्यावर गेला, तोही नेमका बाहेर पडायच्या वाटेवर! नकार देऊन कमिटीला हात झटकता येत नाहीत. जिन्यापासून लांब, मोकळ्या हवेत, वेगळ्या वायरिंगचा पॉइंट करून देणं हे शेजारधर्माचं काम आहे, आणि त्याचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलायला काय हरकत आहे? पॉइंट मिळाल्यावर गाडीवाल्यानेही कंपनीचाच चार्जर वापरावा, गाडी चालवून आल्यावर बॅटरी निवू द्यावी आणि घरातले जागे असतानाच ती चार्जिंगला लावावी. बरेच दिवस वापरायची नसेल, तर निम्मी चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवावी.

आणि तरीही फुसफुस ऐकू आली, उग्र वास आला, धूर दिसला तर? जळती बॅटरी उचलून बाहेर फेकायचं धाडस कुणीही करू नये. घरातल्यांना घेऊन बाहेर पडावं, दार ओढून घ्यावं, शेजारची आणि वरची दारं ठोठावावीत, १०१ ला फोन करावा. लिथियम बॅटरी पेटली आहे हे अग्निशमन दलाच्या जवानांना आवर्जून सांगावं; ती थंड करायला भरपूर पाणी लागतं. जवान सांगेपर्यंत परत आत जाऊ नये.

संपलेली बॅटरी सुक्या कचऱ्यात टाकणारा तर धोका सरळ घंटागाडीवरच्या माणसाच्या हाती देतो. गाडीत ती इतर कचऱ्यासोबत चेपली जाते, नाहीतर कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हातात येते. अशी बॅटरी वेगळी ठेवून संकलनासाठी देण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरणाऱ्यावरच टाकली आहे. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावावी. फुगलेली असेल तर टोचू नये, दाबू नये; पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर, घराबाहेर, वाळूत ठेवावी आणि लवकरात लवकर ई-कचरा केंद्रात नेऊन द्यावी.