घोंगडी टाकून धावणे

(मनन : इब्री लोकांस पत्र १२:१)

सेवाग्रामास बर्फ पडत नाही. तरी पौषातील पहाटे अंगावरील घोंगडी दूर करणे किती जिवावर येते, हे आपण जाणतोच. घोंगडी वाईट नव्हे. परंतु ती पांघरून शर्यत धावता येत नाही. म्हणूनच पत्रकर्ता पापाबरोबर प्रत्येक भारही टाकावयास सांगतो.

सन १९२० च्या ऑगस्टात बेळगावचे फडेप्पा चौगुले बेल्जममधील अँटवर्प येथे ऑलिंपिकच्या मॅरेथॉन शर्यतीत धावले. अंतर ४२ किलोमीटरांहून अधिक. तेथील उन्हाळा असूनही त्या दिवशी पाऊस व गारठा होता. हिमाच्छादित हिवाळ्यांचा देश जो फिनलंड, तेथील हान्नेस कोलेहमाइनेन पहिला आला. चौगुले १९ वे आले. त्यांस पदक मिळाले नाही. परंतु त्यांनी शर्यत अर्धी सोडिली नाही.

धावणारा ऊब येईपर्यंत थांबत नाही. धावल्यानेच त्यास ऊब येते. आपण मात्र म्हणतो, "मन थंड पडले आहे, प्रीती जागी झाली म्हणजे भावाकडे जाऊ." बंधो, बांधाच्या तंट्याने तुटलेले बोलणे अशाने जुळत नाही. उराशी धरलेली अढी हीच तुझी घोंगडी. ती आजच टाक, त्याच्या दारी जा. वाटेतच तुझे अंतःकरण तापेल.

जगाच्या शर्यतीत मुगुट एकासच मिळतो. प्रभूचा मुगुट, पौल तीमथ्यास कळवितो त्याप्रमाणे, त्याची वाट प्रीतीने पाहणाऱ्या सर्वांसाठी आहे, एकोणिसाव्यासाठीही. आमेन.