स्पर्शाने न विटाळणारे पावित्र्य

पावसच्या आमच्या जुन्या घरी आजीचे सोवळ्याचे लुगडे माजघरातल्या उंच वळणीवर काठीने वाळत घातलेले असे, आणि शाळेतून आलेल्या आम्हां पोरांपैकी कोणाचा त्यास चुकून हात लागलाच, तर ते पुन्हा पाण्यातून काढून वाळविल्यावाचून ती देवघराचा उंबरा ओलांडीत नसे. तिची भक्ती अस्सल होती, ह्याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. परंतु पावित्र्य म्हणजे जपून ठेवावयाची वस्तू आणि परक्याचा स्पर्श म्हणजे तिचा वैरी, हा पाठ त्या काठीने मला अक्षरओळखीच्याही आधी दिला. पवित्र जीवन कशास म्हणावे, ह्या प्रश्नाचे निराळे उत्तर ज्याने आयुष्य खर्ची घालून शोधले, तो पुरुषही ह्याच रत्नागिरी जिल्ह्याचा होता.

नारायण वामन टिळक ६ डिसेंबर १८६१ रोजी करजगावी जन्मले. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, त्यातील गिरिप्रवचनाने त्यांच्या चित्ताची पकड घेतली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मत्तयाच्या शुभवर्तमानात ते प्रवचन सातव्या अध्यायाशी संपते. आठव्याच्या आरंभी ख्रिस्त डोंगर उतरतो, आणि एक कुष्ठी सामोरा येताच हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे कुष्ठी अशुद्ध, वस्तीबाहेर राहणारा. त्याला शिवणारा बाटावयाचा. येथे मात्र विटाळ ख्रिस्ताकडे आला नाही, शुद्धीच कुष्ठ्याकडे गेली. ख्रिस्ती पावित्र्याचा सारा अर्थ मला त्या पुढे केलेल्या हातात दिसतो.

हा अर्थ घरात उतरावयास किती झुंज लागते, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचावे. पती ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी आपले सोवळेओवळे सोडले नव्हते. पुढे, हे भेद देवाने केले की माणसाने, असा स्वतःशीच विचार करता करता त्यांच्या मनातील ती भिंत ढासळली, आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. कोणाच्या हुकमाने हे घडले नाही, म्हणूनच ते टिकले.

सोवळे मात्र चिवट असते. ते धर्मांतराच्या दाखल्याने जात नाही, आणि चर्चच्या दप्तरातही आपले बिऱ्हाड थाटू शकते. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे सांगणाऱ्या टिळकांना आतले आणि बाहेरचे असा हिशेब मानवला नाही. १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. ९ मे १९१९ रोजी त्यांचे देहावसान झाले. दरबार तेव्हा नुकताच भरू लागला होता.

पावित्र्य असे माणसांत मिसळण्यातच असेल, तर मग एकांताचे काय, असे आमच्या पावसमध्ये कोणीही विचारील. कारण येथे ‘अभंग ज्ञानेश्वरी’ लिहिणाऱ्या स्वामी स्वरूपानंदांनी सुमारे चाळीस वर्षे एकाच घरी राहून सोऽहंची साधना केली. ख्रिस्तही रात्री प्रार्थनेसाठी डोंगरावर जात असे. तेव्हा एकांत हवाच. ज्याला काही मिळालेलेच नाही, तो दुसऱ्यास काय देणार? आणि मिळते तेही कृपेने: भांडकुदळ करिंथकरांना पौलाने ‘पवित्र जन’ म्हणूनच संबोधले, म्हणजे नाव आधी दिले आणि त्या नावास शोभेसे वागण्याची जबाबदारी मागाहून. परंतु डोंगरावर मिळालेले डोंगरावरच राहिले, तर त्याचे पुन्हा सोवळे होते.

म्हणून पवित्र जीवनाची आस धरणाऱ्या वाचकास माझी एवढीच विनंती आहे, की रात्री निजण्यापूर्वी आज मी कोणत्या पापापासून दूर राहिलो हा हिशेब त्याने अवश्य मांडावा, आणि त्याच्याच शेजारी, आज मी कोणत्या माणसापासून दूर राहिलो, हेही लिहावे.