आधी नीट सांगितलं, मग ठरवायला सांगितलं

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ६३.

इतकं सगळं सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात, यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. ज्याला आज्ञा देण्याचा अधिकार आहे, तोच निर्णय समोरच्याच्या हातात ठेवतो!

मला इथे आपल्या विदर्भातला सिकलसेल आठवतो. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. मग रोजची हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल, ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी, सतत पाणी पिणं, आणि त्यात नागपूरचा मे महिना. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंत उच्चाटनाचं ध्येय आहे. चांगलंच आहे. पण ज्याला आजार आहेच, त्याला डॉक्टर भेटतात महिन्यातून दहा मिनिटं. बाकीचा महिना त्याचा त्यालाच काढायचा असतो.

आपण सहज म्हणतो, "डॉक्टर म्हणजे देव." मग देवासमोर खरं कोण बोलणार? आठ दिवस कॅप्सूल चुकल्या तरी रागावतील म्हणून पेशंट म्हणतो, "घेतो ना सर." डॉक्टर त्या उत्तरावर पुढचा डोस ठरवतात. उलट बाजूनेही तेच. वेदना एक्स-रेत दिसत नाही, म्हणून कळवळणाऱ्या पोराला कुणी "नाटक करतो" म्हणून मोकळं होतं.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितलेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. रोग्याच्या गुणांत सांगितलेलं पाळणं आहे, तसंच आपला त्रास नीट सांगता येणं हाही गुण मोजलाय. (युझर नुसतं "चालत नाही" म्हणाला की आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं काय होतं, ते आम्हालाच माहीत.)

मग काय, पेशंटने मनाला येईल ते करायचं? नाही ना. श्लोकात पूर्ण विचार आधी आहे, व्हॉट्सॲपवर आलेलं वाचणं म्हणजे तो विचार नव्हे. आणि न समजावता "तुमची मर्जी" म्हणून हात झटकणं, ही डॉक्टरांचीही सुटका नव्हे. भगवंत ७२ व्या श्लोकात पुन्हा विचारतातच, नीट ऐकलंस का, गोंधळ गेला का? ओपीडीत रांग दारापर्यंत असते, मान्य. तरी "कॅप्सूल चुकली तर काय कराल, सांगा बरं" एवढं विचारायला कितीसा वेळ लागतो?

तुम्ही म्हणाल तसं करतो, असं अर्जुन म्हणतो ते या प्रश्नानंतर, ७३ व्या श्लोकात.