परीक्षेचे भय आणि समत्व
गीतेतील समत्व, म्हणजे यशापयशात न ढळणारी बुद्धी, आणि १९९० मध्ये पीटर सॅलोव्हे व जॉन मेयर यांनी मांडलेली भावनिक बुद्धिमत्ता, म्हणजे भावना ओळखून त्यांना विचारांच्या कामी लावण्याची क्षमता, यांचा कस दहावीच्या परीक्षागृहात लागतो. प्रश्नपत्रिका हाती येताच तळवे घामेजून पाठ असलेले प्रमेयही आठवेनासे होते, तेव्हा उणीव अभ्यासाची नसते; भयाने चित्त व्यापलेले असते. समत्व म्हणजे भावनाशून्यता नव्हे. ‘हे भय आहे’ असे ओळखणारा साक्षीभाव, म्हणजे मनाच्या हालचाली अलिप्तपणे न्याहाळण्याची वृत्ती, हीच त्याची पहिली पायरी होय. फलासक्ती, म्हणजे फळाची ओढ, सोडण्याचा गीतेचा उपदेश मात्र आधी पालकांनी आचरला पाहिजे, कारण गुण पाहून माया करणाऱ्या घरात समत्व रुजत नाही.