वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया

असेंबल्ड पीसीची यादी करायला बसलं की दहा मिनिटांत एक प्रश्न येतोच : पुढे अपग्रेड करता येईल ना? वरवर पाहता हा तांत्रिक प्रश्न आहे. सॉकेट कुठलं, पॉवर सप्लाय किती वॅटचा, रॅमचे स्लॉट दोन की चार. मित्रांना, मित्रांच्या भावांना अशा याद्या करून देता देता मला मात्र वाटायला लागलंय की हा मुळात नीतीचा प्रश्न आहे. आजच्या माणसाने उद्याच्या माणसासाठी किती खर्च करायचा? त्या उद्याच्याला काय हवं असेल, हे आजच्याने कशावरून ठरवायचं? आणि खर्च होणारे पैसे आपले नसून दुसऱ्याचे असतील, तर?

हा तिसरा प्रश्न गेल्या डिसेंबरात माझ्यापुढे आला. माझा मामा तारोडीला राहतो. भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणारी पालिकेची बस पकडली, की राई-मुर्धे मागे टाकून आपण त्या बाजूला जातो. मीरा-भाईंदर म्हटलं की टॉवर डोळ्यांसमोर येतात, तारोडीत अजून बैठी घरं दिसतात. मामाचा टेम्पो आहे, बंदरावरून मासळी नेतो. त्याचा मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. त्याला गेमिंग पीसी हवा होता : खेळायला, आणि थ्रीडी शिकायला. दोन्ही कारणं खरी होती. बजेट ८० हजार. हे पैसे घराच्या वरच्या मजल्यासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतले होते, हे मला मामीकडून कळलं.

तिथल्या गच्च्यांवर एक दृश्य सगळीकडे आहे. कॉलमच्या सळया स्लॅबच्या वर हात-दीड हात तशाच सोडलेल्या असतात. पुढे मजला चढवायचा म्हणून. समुद्राच्या हवेत लोखंड टिकत नाही, म्हणून कुणी त्यांना सिमेंटचा हात देतं, कुणी नुसतीच प्लॅस्टिकची बाटली उलटी घालतं. पीसीवाले ज्याला ‘अपग्रेड पाथ’ म्हणतात, तो आपल्याकडच्या गवंड्यांना केव्हापासूनच माहीत आहे.

८० हजारांत दोन याद्या बसत होत्या. पहिल्या यादीत एएमडीचं नवं एएम५ सॉकेट आणि डीडीआर५ रॅम. पुढे कधीही जास्त ताकदीचा प्रोसेसर त्याच बोर्डवर बसवता येईल. पण बोर्ड आणि रॅममध्येच इतके पैसे जात होते, की ग्राफिक्स कार्ड ८ जीबी मेमरीचंच परवडत होतं. दुसऱ्या यादीत जुनं एएम४ सॉकेट आणि डीडीआर४. याचा रस्ता पुढे जवळजवळ संपलेला. पण वाचलेल्या पैशांत १६ जीबीचं कार्ड येत होतं. म्हणजे एका यादीत आज थोडं कमी, उद्याला वाव. दुसऱ्या यादीत आज भरपूर, उद्याचं दार अर्धं बंद.

इंटरनेटवर बहुतेक जण पहिली यादी घ्यायला सांगतील. ‘डेड प्लॅटफॉर्मवर पैसे घालू नका’ हे या जगातलं पाठ झालेलं वाक्य आहे. माझ्या स्वतःच्या पीसीसाठी मीही तेच केलंय. मामाच्या पैशांची वेळ आली तेव्हा मात्र त्या वाक्यात काय काय गृहीत धरलंय, ते नीट पाहावंसं वाटलं.

पहिलं गृहीतक असं, की ‘पुढे करता येईल’ हा वस्तूचाच एक गुण आहे. तो तसा नाही, ते कुणीतरी दिलेलं वचन असतं. एएम४ची गोष्ट या जगात आदराने सांगितली जाते. पहिले रायझन २०१७ साली आले. तेव्हा घेतलेल्या कित्येक बोर्डांवर नुसतं बायोस अपडेट करून २०२२चा ५८००एक्स३डी हा प्रोसेसर चालला. पाच वर्षांनंतर, त्याच सॉकेटमध्ये. पण हे सरळपणे घडलं नव्हतं. २०२०मध्ये कंपनीने आधीच्या बोर्डांना नवे प्रोसेसर मिळणार नाहीत असं जाहीर केलं होतं. लोकांनी ओरड केल्यावर तिने निर्णय फिरवला. इंटेलचं उदाहरण उलटं आहे. २०१७मध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर आले तेव्हा सॉकेटचं नाव तेच होतं, पिनांची संख्याही तीच, ११५१. तरी जुन्या बोर्डांवर ते चालू दिले नाहीत. वीजपुरवठ्याच्या गरजा बदलल्यात, असं कंपनीचं म्हणणं होतं. काही हौशी लोकांनी बायोसमध्ये खटपटी करून ते जुन्या बोर्डांवर चालवूनही दाखवले. एएम५ला २०२७पर्यंत आणि पुढेही साथ देऊ, असं एएमडी सांगते. मला ते खरं वाटतं. पण त्या शब्दासाठी आज रोख पैसे मोजायचे असतील, तर तो शब्द आपला नाही, हे घेणाऱ्याला माहीत असायला हवं.

दुसरं गृहीतक : थांबलं की स्वस्त होतं. आमच्या पिढीच्या हाडात हे भिनलंय. गॉर्डन मूरने १९६५मध्ये चिपवरच्या घटकांबद्दल जो अंदाज मांडला, त्याचाच हा घरगुती अवतार. ‘आत्ता एकच रॅमची कांडी घे, दुसरी नंतर टाकू,’ हा सल्ला कित्येक वर्षं बरोबर ठरत आला. मग २०२५च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी एवढी वाढवली की रॅमचे भाव काही महिन्यांतच दुपटीच्या पुढे गेले. डिसेंबरात मायक्रॉनने तर सामान्य ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. ‘नंतर’वाल्यांचा स्लॉट रिकामाच राहिला. यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. भविष्यच त्यांना विचारून आलं नाही.

या सगळ्यातून एक साधा इंजिनिअरिंगचा नियम निघतो. जे सोल्डर केलेलं आहे, ते आजच पुरेसं घ्या. जे खोबणीत बसतं, त्याचं पुढे पाहता येतं. ग्राफिक्स कार्डावरची मेमरी नंतर वाढवता येत नाही. याउलट कॅबिनेटचे स्क्रू कुठे असावेत हे ठरवणारं एटीएक्स हे मानक इंटेलने १९९५मध्ये आणलं आणि आजचे बोर्डही त्यात बसतात. सगळ्यात भविष्यवेधी भाग कुठला, तर पत्र्याचा डबा. त्याची जाहिरात कुणी करत नाही.

पण नियम सापडला म्हणून प्रश्न सुटत नाही. कारण तिसरं गृहीतक तांत्रिक नाहीच. उद्या अपग्रेड करायला उद्या पैसे असतील, असं ते गृहीतक आहे.

माझ्याकडे पगार आहे. दोन-तीन वर्षांनी मी जुनं कार्ड विकतो, वर थोडे घालतो, नवं घेतो. माझ्यासाठी पीसी हा चालू हिशोब आहे. मामासाठी ती एकदाच होणारी खरेदी होती, फ्रिजसारखी, टेम्पोच्या इंजिनाच्या मोठ्या कामासारखी. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा टेम्पोचे फेरेही आटतात. अशा घरात ‘दोन वर्षांनी प्रोसेसर बदल’ या वाक्याला अर्थ काय? अपग्रेड पाथसाठी आज जास्त मोजायचं आणि त्या रस्त्यावर कधी पाऊलच टाकायचं नाही, हेच बहुतेकांच्या बाबतीत होतं. मग जो भाग वापरलाच गेला नाही, त्याचे पैसे आजच्या मुलाच्या वाट्यातून गेलेले असतात.

डेरेक पार्फिट या इंग्रज तत्त्वज्ञाने १९८४च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या पुस्तकात असा विचार मांडलाय की खूप पुढचा ‘मी’ हा आजच्या मीपासून जवळजवळ दुसऱ्या माणसाइतका लांबचा असू शकतो. माणूस स्वतःच्या भविष्याशी बेपर्वाईने वागतो, तेव्हा तो दुसऱ्यावर अन्याय करण्यासारखंच काहीतरी करत असतो, अशी त्याची एक बाजू आहे. मला त्याची उलट बाजूही तितकीच खरी वाटते. उद्याचा माणूस जर वेगळा असेल, तर त्याच्या नावाने आजच्या माणसाला उपाशी ठेवणं हाही अन्यायच. अठरा वर्षांच्या मुलाची शिकायची भूक आत्ताची आहे. थ्रीडीचा सीन मेमरी कमी पडून अडकला, तर ‘तुझा बोर्ड मात्र भविष्याला तयार आहे,’ हे त्याला सांगून काय उपयोग?

इथवर आल्यावर दुसरी यादी नक्की करावी असं वाटत होतं. पण त्यात एक खोच होती, आणि ती मला आजही टोचते. ‘यांच्याकडे पुढे पैसे नसतील’ असं मी मनात धरून चाललो होतो. हे कुणी ठरवलं? मुलगा चार वर्षांनी इंजिनिअर होईल, कदाचित माझ्यापेक्षा जास्त कमवेल. त्याच्यासाठी पुढचं दार अर्धं बंद करणं म्हणजे त्याच्या भविष्यावर माझा विश्वास नसणं. गरिबाने आजचं पाहावं आणि श्रीमंताने उद्याचं, हा सल्ला दिसायला व्यवहारी असला, तरी त्यात कुणाचं तरी भविष्य परस्पर खोडून टाकलेलं असतं. एकवेळ तो तोट्यात गेलेला बरा, पण हा निर्णय त्याच्या वतीने मी घेऊ नये, असंही वाटत होतं.

आणि अपग्रेडच्या रस्त्याचीही एक बाजू असतेच, तीही त्याला सांगायला हवी होती. दिदरो या अठराव्या शतकातल्या फ्रेंच लेखकाला एक नवा भारी झगा मिळाला. त्या झग्यापुढे खुर्ची जुनी वाटली, मग टेबल, मग भिंतीवरची चित्रं. एकेक करत खोली बदलली आणि शेवटी तो जुन्या झग्यासाठी हळहळला. पीसीत याला ‘बॉटलनेक’ म्हणतात. कार्ड बदललं की प्रोसेसर कमी पडतो, तो बदलला की मॉनिटर. शिवाय बदललेला प्रत्येक भाग कुठेतरी जातोच. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. जिथे अपग्रेडमुळे अख्खं मशीन फेकणं टळतं, तिथे ते चांगलंच. पण निव्वळ करता येतं म्हणून केलेलं अपग्रेड कचराच वाढवतं.

शेवटी मी दोन्ही याद्या कागदावर लिहिल्या आणि प्रत्येकीखाली तीन ओळी : आज काय मिळेल, उद्या काय करता येईल, आणि ते करायला तेव्हा अंदाजे किती लागतील. ही तिसरी ओळ पीसीच्या सल्ल्यांत सहसा नसते. जाणकार माणसाचं कर्तव्य मला तेवढंच दिसतं. ‘पुढे करता येईल’ असं म्हणताना ते कुणाच्या शब्दावर आणि कुणाच्या पैशांवर, हे सोबत सांगायचं. मग निवड ज्याची त्याची.

मामाने कागद वाचला. सॉकेट वगैरे त्याने सोडून दिलं. म्हणाला, “अरे, आपण सळया सोडल्या तेव्हा पाया जाड घातला होता. तेवढे पैसे गेलेच. पण म्हणून खालचं स्वयंपाकघर लहान नाही केलं. माणसं खालीच राहणार होती ना.”

या वाक्याने माझ्या बऱ्याच पानांचं काम केलं. उद्याची सोय करायला हरकत नाही, ती पायात करावी. राहत्या खोलीतून जागा कापून करू नये. पीसीत पाया म्हणजे पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट. चांगला पॉवर सप्लाय दोन-तीन मशीनना पुरतो, सॉकेट कुठलंही येवो. आणि राहती खोली म्हणजे जे रोज वापरलं जाणार ते, इथे ग्राफिक्स कार्ड.

मुलाने दुसरी यादी निवडली आणि एक बदल स्वतः केला. लायटिंगचे पंखे काढून टाकले, ते पैसे पॉवर सप्लायमध्ये घातले. “चार वर्षांनी बोर्ड मीच बदलेन, माझ्या पैशांनी,” असं तो म्हणाला. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर आम्ही तिघं एका शनिवारी गेलो आणि संध्याकाळच्या लोकलमध्ये खोकी मांडीवर घेऊन परत आलो.

त्याने पहिली यादी निवडली असती, तर मी गप्प बसलो असतो का? बसायला हवं होतं, असं वाटतं. कारण त्या निवडीत त्याने स्वतःच्या पुढच्या कमाईवर पैज लावली असती आणि तो हक्क त्याचा होता. मामाने सळया सोडल्या त्याही अशाच एका पैजेवर, आणि मजला अजून चढलेला नाही. त्या पैशांतला एक तुकडा आता खाली टेबलावर गरम हवा सोडत चालू असतो. हे भविष्यावर केलेलं अतिक्रमण म्हणायचं, की भविष्याची सुरुवात, हे मला ठरवता येत नाही. मामीचं म्हणणं वेगळंच आहे. ती म्हणते, मजला नंतरही चढेल, पोरगं अठराचं एकदाच होतं.